चष्म्याशिवाय दिसलेला बोंडू

बाय, तुझ्या नावाने अजून तारखा पडतात.

तुला जाऊन महिना झाला. महिन्याचं जेवण घातलं, भांडी घासून माळ्यावर गेली आणि दुसऱ्याच दिवशी वकिलांच्या मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. फोन तुझाच, आता तो माझ्या पर्समध्ये असतो. मी साखळीला शाळेत होते, समोर नववीच्या निबंधांचा गठ्ठा. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, पुढच्या सुनावणीला तुम्ही स्वतः असाल ना?" मी म्हटलं, "मॅडम नाहीत." ती म्हणाली, "मग कधी येतील?" मला तिचा राग आला आणि तिचं काही चुकलेलं नाही हेही कळत होतं. मी फोन ठेवला आणि पुढच्या तासाला वर्गावर गेले.

तू गेलीस म्हणून कुणीतरी काहीतरी थांबवेल, अशी माझी भाबडी समजूत होती. गावात मयत झालं तर लग्नाचा मांडवसुद्धा पुढे ढकलतात. पण तू जिच्याशी भांडत होतीस ती कंपनी, तिचे वकील, आपले वकील आणि पेटंट ऑफिस, यांच्यापैकी कुणाला सुतक नाही. गावाला तू सुलभा मॅडम, आईला सुलू, मला बाय. त्यांना तू एक अर्ज क्रमांक. त्या क्रमांकामागे आता आई वारस म्हणून आली आहे, आणि आईला इंग्रजी येत नाही म्हणून मी. तू मला तुझ्या साड्या दिल्या असत्यास तर मी निमूट घेतल्या असत्या. तू मला खटला दिलास.

रडू येतं तेव्हा मी शापोरा नदीच्या काठी जाते, मनातल्या मनात. चोपड्याला पूल नव्हता तेव्हाची ती जागा. पलीकडे शिवोलीला मामाकडे जायचं म्हणजे फेरीबोटीची वाट बघायची, आणि वाट बघताना तू मला छळायचीस. "बोट पुढे धर. तो होडीवालो बघ. आता हो डोळो मीट, आता तो." डोळा बदलला की हाताचं बोट होडीवरून उडून माडावर गेल्यासारखं दिसायला हवं होतं. माझं जाईना. तू दोनतीनदा बघितलंस आणि माझा हात खाली केलास. माझा डावा डोळा कमजोर आहे, त्याच्याकडे मेंदू लक्षच देत नाही, हे डॉक्टरच्या आधी तू ओळखलंस. मला वाटलं, आता ही आईला सांगणार. तू मात्र माझा हात धरून मला काठाने चालायला लावलंस. "बघ, जवळचे खुंट भराभर मागे जातत. माड सावकाश. कळता ना खयचा जवळ आणि खयचा लांब?" मी म्हटलं, कळतं. "मगे! चलताना तुकाव सगळा दिसता." तू इतकी खूश झालीस की फेरीत चढताना तुझी एक चप्पल पाण्यात गेली.

पुढे तू शिकलीस, पुण्याला नोकरीला गेलीस, आणि तुझ्या त्या कंपनीत त्रिमितीय चित्रं दाखवणारे पडदे करायचे, काळा चष्मा घालून बघायचे. तू सुट्टीत एक घेऊन आलीस. घरातले सगळे "अरे वा" म्हणत होते आणि मला दोन धुरकट चित्रं एकावर एक दिसत होती. मीही "अरे वा" म्हटलं. तुला फसवता येत नसे. त्या दिवशी तू चष्मे पिशवीत भरलेस आणि म्हणालीस, "ह्या माझ्या भयणीक दिसना, तर ह्या काय कामाचा?" आईला वाटलं तू चेष्टा करतेस. दोन वर्षांनी नोकरी सोडून तू कोरगावला परत आलीस, डिचोलीच्या वसाहतीत एक शेड भाड्याने घेतलीस, तेव्हा मला कळलं की ती चेष्टा नव्हती. याबद्दल मी तुला कधी नीट काही म्हटलं नाही. आपल्याकडे बहिणीला धन्यवाद म्हणायची पद्धत नाही. म्हणायला हवं होतं. आता म्हणते.

तुझं काम मी माझ्या भाषेत सांगते, वकिलांच्या नको. चष्म्याशिवाय खोली दाखवणारे पडदे तुझ्या आधीही होते. पण त्यांच्यापुढे एका ठरलेल्या जागी मान ताठ ठेवून बसावं लागे, जरा सरकलं की चित्राच्या चिंध्या. तुला असा पडदा हवा होता की माणसं त्याच्यापुढे कशीही उभी राहोत, चालोत, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावोत, प्रत्येकाला चित्र बाहेर आलेलं दिसावं. पडद्यावर बारीक भिंगांचा पातळ थर. वर कॅमेरा. कॅमेऱ्याने समोरच्यांचे डोळे शोधायचे आणि भिंगं आतल्या आत, केसभर, त्यांच्यामागोमाग सरकवायची. माणूस चाललं की चित्रही त्याच्यासारखं वळायचं. म्हणजे माझ्यासारख्या एकडोळीलाही कळावं, काय पुढे आहे आणि काय मागे.

शेडमध्ये माणसं दोनच, तू आणि तुझा बेळगावचा तो बसाप्पा. म्हणून तू स्टुलांवर नारळ मांडलेस, त्यांच्यावर डोळे रंगवलेस आणि कॅमेऱ्याला फसवलंस. मी एकदा शनिवारी शाळा सुटल्यावर डबा घेऊन आले तर बसाप्पा गंभीरपणे एका नारळाचं तोंड डावीकडे करत होता. मी हसून हसून खाली बसले. तू वैतागलेली. "नारळांचा एक बरा, ते चुळबूळ करनत नाय. तोच त्रास आसा. माका चुळबूळ करणारी माणसां होयी. खूप." तेव्हाच तुझ्या डोक्यात जत्रा आली असणार.

त्या जत्रेवरून आपण इतकं भांडलो की आता ती आठवताना मला आधी तुझा आवाज ऐकू येतो आणि मग चित्र दिसतं. आपल्याकडे पहिलं ते देवाचं. भाताची पहिली कणसं देवळात, काजूचे पहिले बोंडू देवळात, नवी स्कूटर घेतली तरी आधी देवळापुढे उभी करून मग पेट्रोल. आईने सांगितलं, "सुलू, पयला देवाक दाखय." तू देवभोळी नव्हतीस, पण नाही म्हणाली नाहीस. तुला गर्दी हवी होती आणि देवाकडे गर्दी होती.

देवळाचे मानकरी, म्हणजे गावकर, आबा तीन वेळा शेडमध्ये आले. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला हाक मारून सांगायचं, तर वस्तू काय आहे ती देवाला नीट सांगायला हवी, अर्धवट सांगून चालत नाही. "हांव समजल्याबगर बोलूचंय नाय," म्हणाले, "देव विचारीत, ह्या काय हाडलात?" तू त्यांना शेडमधल्या खुर्चीवर, आपल्या कदेलावर, बसवून एकेक भाग उघडून दाखवलास. आबांनी शाळेत आपल्याला गणित शिकवलेलं. त्यांनी सगळं मनात घट्ट बसवलं.

आणि मग ती संध्याकाळ. सभामंडपात पडदा, मागे बसाप्पा, बाजूला तू नवी साडी नेसून अवघडून उभी. आबांनी हात जोडून आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान पडद्यार बारीक भिंगां बसयल्यान हत!" सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" "वयर यंत्राचो डोळो लायल्यान हा, तो माणसांचे डोळे हेरता!" "व्हय म्हाराजा!" "माणूस सरकलो तर भिंगां तेच्या वांगडा सरकतत!" "व्हय म्हाराजा!" "म्हणान चष्म्याबगर सगळ्यांका सारक्या दिसता! ता पयला तुझ्या पायाकडे हाडल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!" मी तर सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडले.

तू पडद्यावर काय आणणार, यावर गावात पैजा लागल्या होत्या. बहुतेकांना वाटलं होतं, देवाची मूर्ती. तू आणलास काजूचा बोंडू. पिवळाधमक, खाली बी लटकलेली, आणि बीच्या टोकाशी रसाचा एक थेंब, सुटू की नको करणारा. कोरगावात कुणाला बोंडूचा आकार शिकवावा लागत नाही, म्हणून तो पडद्याच्या किती पुढे आलाय हे प्रत्येकाला बरोबर समजलं. लोक डावीउजवीकडे झाले, वाकले, चवड्यांवर उभे राहिले आणि बोंडू कुणालाच सोडेना. आईने थेंबाखाली हात धरला. तिच्या मागे आणखी बायकांनी धरले. थेंब पडला आणि कुणाचाच हात भिजला नाही, तेव्हा सगळा मंडप हसला. तू बोंडूकडे बघत नव्हतीस. तू आईच्या हाताकडे बघत होतीस. मी चालत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले आणि माझ्यासाठीही तो बोंडू वळला. तेवढं बघून मी देवळामागे जाऊन रडून घेतलं, कारण नव्या साडीतल्या तुझ्या गळ्यात पडणं बरं दिसलं नसतं.

देवस्थानाने ते सगळं आपल्या चॅनलवर टाकलं. गाऱ्हाण्यासकट.

पेटंटचा अर्ज भरण्याआधी वस्तू चारचौघांत दाखवायची नाही, हा नियम तुला ठाऊक नव्हता असं कुणी म्हणू नये. पुण्यात तू इतरांना हाच नियम शिकवायचीस. मी नंतर तुला तावातावाने विचारलं, तर तू म्हणालीस, "देवाक दाखवणा म्हणजे प्रदर्शन न्हय गो. देवळात दाखयला म्हणजे घरात दाखयला." हे तू वाद घालायला म्हणत नव्हतीस. तुला ते खरंच तसं वाटत होतं, आणि आबांना, आईला, मलाही. त्या मंडपात परका म्हणून कुणी नव्हताच. आपल्या वकिलांनी हे ऐकून पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "देऊळ सगळ्यांना खुलं असतं ना?" तू म्हणालीस, "असतं." ते म्हणाले, "मग झालं."

जत्रेनंतर तू आणखी काही महिने भिंगं घासत बसलीस, कारण कडेला उभ्या असलेल्यांना बोंडू जरा धूसर दिसला होता आणि तुला ते सहन होत नव्हतं. तू अर्ज केलास तेव्हा कळलं की तशाच पडद्यासाठी एका मोठ्या कंपनीचा अर्ज आधीच पडलाय. जत्रेनंतर आणि तुझ्या आधी. त्यांनी तुझं चोरलं की त्यांनाही तेच सुचलं, हे मला माहीत नाही. तूही कधी छातीठोकपणे सांगितलं नाहीस, आणि मला तुझा अभिमान वाटावा अशा ज्या गोष्टी आहेत त्यात ही एक आहे. त्यांना पेटंट मिळालं. तुझा अर्ज त्यांच्या अर्जावर आपटून तिथेच अडला. तू त्यांच्या पेटंटला हरकत घेतलीस आणि आपण सगळे त्या दिवशी आत शिरलो, ते अजून बाहेर आलेलो नाही.

वकिलांच्या ऑफिसात मी जत्रेची चित्रफीत लावून गाऱ्हाण्याचा एकेक शब्द त्यांना मराठीत सांगत होते. त्यांनी तुझा अर्ज समोर घेतला होता, बोट ठेवून वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, "तुमच्या अर्जातले सगळे मुख्य दावे या गाऱ्हाण्यात आहेत. क्रमसुद्धा तोच." आबांचं गणित पक्कं होतंच. मला हसू आलं, तुला नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. ही चित्रफीत पुढे केली तर कंपनीचं पेटंट टिकणार नाही, कारण त्यांच्या अर्जाआधी ही वस्तू लोकांनी पाहिली होती. पण त्याच कारणाने तुमचाही अर्ज टिकणार नाही. पुढे केली नाही तर कंपनी जिंकेल. तू विचारलंस, "तिसरं काही?" ते म्हणाले, "मुदतवाढ."

मग आपण मुदतवाढीत राहिलो. अर्ज करताना तूच आबांकडे जाऊन चित्रफीत चॅनलवरून काढा म्हणून सांगितलं होतंस, आणि आबा दुखावले होते. "देवापुढचा काढूचा?" एवढंच म्हणाले, पण काढली. मग हरकत घेतल्यावर, वकिलांना दाखवायला, तीच चित्रफीत परत मागायला गेलीस. त्यांनी तीही दिली, पेनड्राइव्ह रुमालात बांधून, आणि कशाला हवी ते विचारलं नाही. तुला तिथून येताना बाजारात बघितलं मी. तू माझ्याकडे न बघता पुढे गेलीस.

शेडमधल्या पडद्यावर तू चादर टाकलीस. कुणाला दाखवायचा नाही, वकिलांची सूचना. जिला चुळबूळ करणारी माणसं हवी होती ती शेडचं दार लावून बसू लागली. गावातल्या बायका भेटल्या की विचारायच्या, "सुलू, बोंडू परत केन्ना गो दाखयतलंय?" तू म्हणायचीस, काम चालू आहे. काम कसलं चालू होतं? नवं काही सुचलं तरी तू आधी वकिलांना विचारायचीस, हे त्यांच्या दाव्यात येईल का, ते आपल्या दाव्याला बाधेल का. विचारता विचारता सुचायचं थांबलं. बसाप्पाला तू कामावरून कमी केलं नाहीस, तोच एक दिवस म्हणाला, "मॅडम, नुसतं बसून पगार नको," आणि दुसरीकडे लागला. तुझे केस त्या वर्षात पांढरे झाले. मला दिसत होतं. तुला म्हटलं तर तू म्हणायचीस, रंग लावायला वेळ नाही.

मी ते दावे वाचायचा प्रयत्न केला, मराठी शिकवणारी बाई असले तरी. त्यांचं इंग्रजी मराठीत आणलं तर, "सदर पाहणारा, सदर डोळा, सदर भिंग." एका दाव्यात चार ठिकाणी सदर पाहणारा येतो आणि कुठेही त्याचा हात पुढे होत नाही. मी तुला म्हटलं, ही भाषा मुलांनी निबंधात लिहिली तर मी शून्य देईन. तू त्या काळात फक्त तेव्हा हसलीस.

मग कंपनीने तडजोड पाठवली. आपण हरकत मागे घ्यायची आणि प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं की देवळात दाखवलं ती सणासुदीची विजेची रोषणाई होती, या शोधाशी तिचा संबंध नाही. त्या बदल्यात त्यांच्या पेटंटवर शोधकर्त्यांच्या नावांत तुझं नाव येईल. जगभर, कायमचं.

आपलं शेवटचं भांडण त्यावरच. साखळीच्या बाजारात तुझ्या गाडीत, काचा वर करून, म्हणजे ओळखीच्या माणसांना ऐकू जाऊ नये. मी म्हटलं, "सही कर गो बाय. नाव लागेल आणि तू सुटशील. दुसरं काहीतरी बनव." तू म्हणालीस, "आणि काय लिवन दिवचा? मी रोषणाय केलंय?" मी म्हटलं, "एका कागदानं काय होतंय?" "मराठी शिकवतंस आणि माका ह्या विचारतंस?" तू म्हणालीस. मग मी चिडले. म्हटलं, मग दे ती चित्रफीत, त्यांचंही जाऊ दे आणि आपलंही. तू स्टिअरिंगवर हात ठेवून बसलीस. "ता माझा आसा गो. माझ्याच हातान कसा मारू?" तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी अजून चिडलेलीच होते. शेवटी म्हणालीस, "येत्या आयताराक ये. सांगतंय तुका काय तें." मी पाव घ्यायला उतरले, परत आले तर तू गाडी वळवून ठेवली होतीस, म्हणजे मला उन्हात चालावं लागू नये.

आयतार आला नाही. त्या रविवारच्या आधीच तू गेलीस.

काय ठरवलं होतंस? मी आईला विचारलं, वकिलांना विचारलं, बसाप्पालासुद्धा फोन केला. कुणालाच काही बोलली नव्हतीस. तुझ्या कपाटात, टेबलावर मी शोधलंच नाही, कारण तू लिहून ठेवणाऱ्यांतली नव्हतीस, बोलून मोकळी होणाऱ्यांतली होतीस, आणि बोलायचं राहिलं. तुझं मरण मला समजतं, लोक मरतात. पण असं अर्धं वाक्य ठेवून जाणं मला अजून माफ करता येत नाही. गाऱ्हाणं कुणाला घालू?

तेराव्यानंतर कंपनीने तडजोड परत पाठवली, शोकसंदेशासह. मुदत शेवटची, यापुढे वाढ नाही. आता तडजोडीचे ते तीन कागद माझ्यासमोर होते. सही केली तर तुझं नाव राहतं. लहानपणापासून तुझ्यात आणि माझ्यात हुशार कोण हे गावाला माहीत होतं, आता जगाला कळेल. आणि मेलेल्या माणसाचं आपल्याला दुसरं काय करता येतं? बारा दिवस मी हेच मनाशी घोळवलं आणि पेनसुद्धा काढून ठेवलं.

पण वारस आई. तिचा अंगठा नको, ती सही करते, तेव्हा तिला वाचून दाखवणं भाग होतं. मी पुढच्या ओसरीत, बाल्कांवात, बसून तिला तो कागद आपल्या बोलीत सांगितला. "देवळात दाखयलेली ती विजेची रोषणाय." आई आंब्याची साठं उन्हात पालटत होती. हात थांबवून म्हणाली, "खयची रोषणाय?" मी म्हटलं, "तो बोंडू गो आई." तिने हातातलं साठ खाली ठेवलं. मग म्हणाली, "रोषणायेखाली कोण हात धरता? थेंबो पडता म्हणान हांवें हात धरलंय. सुलू माझ्या हाताकडे बघत होती. तितकी खोशी मी तिका केन्ना बघूंक ना, लग्नाकार्यात पण." मी म्हटलं, "पण नाव जाईल आई. सही केली तर नाव रवतला." आई म्हणाली, "तुका जाय तशी कर. पण माका कोणी विचारल्यान तर मी सांगतलंय. माझो हात पुढे गेल्लो." आणि साठं पालटू लागली. मला म्हणावंसं वाटलं, तुला काय कळतंय, हे कायद्याचं आहे. मी नाही म्हटलं. कारण मला दिसलं की ती सही म्हणजे तुझ्या सगळ्यांत चांगल्या संध्याकाळी तू तिथे नव्हतीस असं लिहून देणं. तुझं नाव ठेवायचं आणि तुला तिथून पुसायचं. हे मला जमेना, आणि दुसरं जे होतं, चित्रफीत देऊन तुझाही अर्ज मारायचा, तेही जमत नव्हतं. कागद तसाच मांडीवर घेऊन मी दिवेलागणीपर्यंत बसले. मोपा विमानतळाची विमानं डोक्यावरून जात होती.

सुनावणी काल झाली. संगणकावरच असते हल्ली. आम्ही तुझ्या शेडमध्ये बसलो, आई, मी आणि पंखा. सही आम्ही केली नव्हती, चित्रफीत दिली होती. चित्रफितीतले आबा सगळ्यांना गाऱ्हाणं घालून ऐकवत होते आणि दिल्लीकडचे ते अधिकारी भुवया वर करून अनुवाद वाचत होते. कंपनीच्या वकिलांनी मला सभ्यपणे विचारलं, "म्हणजे तुमच्या बहिणीने स्वतःच्या अर्जाच्या आधी हा शोध लोकांसमोर उघड केला, हे तुम्हाला मान्य आहे?" मला तुझं गाडीतलं 'माझ्याच हातान कसा मारू' ऐकू आलं. आईने माझ्यापुढे तांब्या सरकवला. मी म्हटलं, "मान्य आहे." मग आपल्या वकिलांनी विचारलं, "कंपनीच्या अर्जाच्याही आधी?" मी म्हटलं, "त्याच्याही आधी." अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलं का. मी म्हटलं, मी पाहिलं, आईने पाहिलं, गावाने पाहिलं. ते म्हणाले, ज्यांनी दाखवलं त्यांचं पूर्ण नाव नोंदीसाठी सांगा. मी तुझं नाव सांगितलं, बाबांच्या नावासह, अक्षर न् अक्षर सुटं करून, कारण हे लोक आपली नावं चुकीची लिहितात.

निकाल यायचा आहे. वकील म्हणतात, दोन्ही जाणार, त्यांचंही आणि तुझंही. त्या निकालात तुझं नाव असेल. शोध लावणारी म्हणून नाही, तर हा शोध कुणाच्याच मालकीचा का होऊ शकत नाही याचं कारण म्हणून. पुढे कुणीतरी असा पडदा बनवेल, विकेल, त्याला कुणी अडवणार नाही आणि त्याला तू कोण हे माहीतही नसेल. हे मी केलं, बाय. येत्या आयताराला तू मला 'बरा केलंस' म्हणाली असतीस, की जन्मात परत माझ्याशी बोलली नसतीस, हे कळायला मला आता कुठूनही वाट नाही.